गावभागातली अण्णांची गिरणी : तिथं दळण टाकलेल्यांनी लिहा

गावभागची_लेक :

माझे वडील, सांगलीच्या गावभागातले गिरणीवाले अण्णा, गेले त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. वर्षश्राद्ध रीतीप्रमाणं होईलच. पण परवा आई म्हणाली, "हार घालायला सगळे येतील गं, त्यांच्याबद्दल बोलणार कोण?" म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांनी आमच्या गिरणीत दळण टाकलं, डबा घेऊन रांगेत उभे राहिले, अण्णांची बोलणी खाल्ली, त्या सगळ्यांनी आठवेल ते लिहा. गोडच लिहा असं नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, रोज रात्री मी तिला वाचून दाखवणार आहे.

आधी माझं सांगते.

आमचं घर गिरणीच्या वर. खाली पट्टा सुरू झाला की वरची फरशी थरथरायची. स्वयंपाकघरातल्या हंड्यात पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठायची आणि मधोमध येऊन मिटायची. मी आणि भाऊ हंड्यापाशी बसून खाली काय दळतायत ते ओळखायचा खेळ खेळायचो. आईला तर नुसत्या आवाजावरून कळायचं. पोळी लाटता लाटता म्हणायची, "हरभऱ्याची डाळ पडली. आता अर्धा तास काही हे वर येत नाहीत." सुट्टीत पुण्याला आत्याकडं गेले की पहिल्या रात्री मला झोप लागायची नाही. तिथली जमीन गप्प असायची.

अण्णा साडेपाचला खाली उतरायचे. अर्ध्या बाह्यांचा सदरा, तोंडाला आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी. दुपारी जेवायला वर यायचे तेव्हा भुवया, कानाच्या पाळ्या, मनगटावरचे केस, सगळं पांढरं. मोरीत हातपाय धुतल्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. धुतल्यावरही गरम पिठाचा वास अंगाला राहायचाच. आता कुठल्याही गिरणीवरून जाताना तो वास आला की मी थांबते.

त्यांची एक सवय सगळ्यांनी पाहिली असेल. नळीतून पीठ पडायला लागलं की ते चिमूट उचलायचे, आणि अंगठा पहिल्या बोटावरून एकदाच पुढं सरकवायचे. दोनदा नाही. मग दगडांतलं अंतर कमीजास्त करायचं चाक किंचित इकडं किंवा तिकडं. पुन्हा चिमूट. मान हलली की डबा लागायचा. मी सहावीत असताना त्यांनी मला डोळे मिटायला लावून तीन चिमटी बोटांवर ठेवल्या होत्या. म्हणाले, "गहू सरकतो, शाळू अडतो, बाजरी चिकटते. बघ." मला तिन्ही सारखीच लागली. ते हसले नाहीत, पुन्हा ठेवल्या. असं चार-पाच दिवस चाललं असेल. मग माझी सहामाही परीक्षा आली आणि ते राहून गेलं. ते राहिलंच.

गिरणी वर्षभर बंद आहे. हाताखालचे मामा चालवायला तयार आहेत, तीस वर्षं त्यांनी पोती उचलली, पट्टा चढवला. पण दगडाला टाकी लावायचं, म्हणजे बोथट झालेल्या चऱ्या छिन्नीनं पुन्हा खोलवायचं काम अण्णांनी कधी कुणाच्या हातात दिलं नाही. म्हणून दुसरी विनंती अशी की या धंद्यातलं कुणी इथं असेल तर त्यांनीही लिहा.

सरकारी_घाट :

ताई, आम्ही गल्लीच्या टोकाला राहायचो. अण्णांना पोरांची नावं कधीच आठवायची नाहीत, डबे मात्र सगळे पाठ. मी कोण हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नसावं, पण आमचा डबा, ज्याचा कान तुटून तिथं तार बांधलेली होती, तो दारात ठेवला की वर न बघता म्हणायचे, "चार किलो गहू, पोळीचं. तुझ्या आजीला बारीक लागतं." आजी गेल्यावर मी पहिल्यांदा दळण घेऊन गेलो तेव्हा डब्याकडं बघून ते थांबले. मग विचारलं, "आता कसं लागतं तुमच्यात?" आमच्या घरी तोपर्यंत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मी घरी जाऊन आईला विचारून आलो.

शाळू_भाकरी :

मी अण्णांशी भांडलेली बाई आहे, म्हणून लिहिते.

लग्न होऊन सांगलीत आले तेव्हाची गोष्ट. माहेर कोकणातलं, तांदळाच्या भाकरीची सवय. शाळूची भाकरी थापायला घेतली की परातीतच चिरा पडायच्या. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पण उचलून बाजूला ठेवायच्या. मला वाटलं पीठच वाईट आहे. डबा घेऊन तरातरा गिरणीत गेले आणि चारचौघांत बोलले, तुम्ही काहीतरी मिसळता म्हणून.

अण्णांनी डब्यात हात घातला, चिमूट घेतली आणि विचारलं, "दळून किती दिवस झाले?" मी म्हटलं वीसेक. म्हणाले, "विरी गेली ओ ह्याची. शाळू आठवड्याचा दळायचा. पीठ शिळं झालं की भाकरी चिरणारच. त्यात तुमचा दोष नाही आणि माझाही नाही." मग तेवढ्यावर थांबले नाहीत. उरलेलं पीठ आंबीलीला वापरा, उकळीच्या पाण्यात थोडं मळून बघा, बाजरी तर त्याहून कमी दिवस टिकते, कडू होते, असं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनच किलो शाळू घेऊन गेले. भाकरी फुगली. सासूबाईंनी ती पहिली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

आणखी एक. घरी जाईपर्यंत डब्याचं झाकण लावू द्यायचे नाहीत. गरम पिठाला झाकण लावलं की आत पाणी सुटतं, गुठळ्या होतात, लवकर किडे पडतात. रस्त्यानं उघडा डबा नेताना लाज वाटायची सुरुवातीला. आता माझी सून तसाच नेते.

मिरज_वेस :

गोडच लिहा असं नाही म्हणालात, म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी तुमची गिरणी सोडली ती घटीवरून. दहा किलो गहू दिला की पीठ दहा किलो भरायचं नाही. वडिलांनी विचारलं तर अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "विश्वास नसेल तर घरी जातं घ्या." वडील शाळामास्तर होते, त्यांना ते फार लागलं. पुढं आम्ही कायम दुसरीकडं दळलं. अण्णांबद्दल राग नाही, पण हे खरं घडलेलं आहे.

गावभागची_लेक :

मिरज_वेस, आईला काल हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बोलले असतील. तोंड तसंच होतं." तुमच्या वडिलांना दुखावलं याबद्दल आमच्या घरातर्फे मी मनापासून माफी मागते.

घटीचं सांगते, कारण ते अण्णांचं दुखणं होतं. दळताना दाणा तापतो, त्यातलं पाणी उडतं. थोडं पीठ हवेत जातं, थोडं दगडाच्या कडेला आणि नळीच्या कापडात राहतं. नवा, ओलसर गहू असेल तर घट जास्त, उन्हात वाळवलेला असेल तर कमी. ते येताना आणि जाताना दोन्ही वेळा वजन करायचे, चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहायचे. रात्री आम्ही सारवण करायचो, म्हणजे गिरणीतलं सांडलेलं पीठ झाडून गोळा करायचो. ते गल्लीतल्या म्हशीवाल्याकडं जायचं, घरात कधी आलं नाही. इतकं करूनही कुणी संशय घेतला की त्यांचा तोल जायचा. समजावून सांगायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही.

मिरज_वेस :

ताई, माफीची गरज नव्हती. वडील आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. म्हणाले, "दोन्ही वेळा वजन करायचा, ते खरं आहे." एवढंच म्हणाले.

बहात्तरचा_दुष्काळ :

मी अण्णांच्याच वयाचा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. ज्यांनी खाल्लाय त्यांना त्याची चव सांगायला नको. भाकरी लालसर, घशाखाली उतरायची नाही. तेव्हा गिरणी अण्णांचे वडील चालवायचे आणि अण्णा विशी-बाविशीचे, इंजिनाचं चाक फिरवून सुरू करायचं काम त्यांचं. डिझेल इंजिन होतं, पुक् पुक् आवाज पार मारुती चौकापर्यंत जायचा असं आम्ही पोरं म्हणायचो. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, १९१० पासूनची. त्यामुळं आमच्याकडं इंजिन बिघडलं तर हात घालणारा माणूस चार गल्ल्यांत सापडायचाच.

मिलो लवकर बारीक व्हायचा नाही. अण्णांच्या वडिलांनी तो दोनदा दळून द्यायला सुरुवात केली, पैसे एकदाचे घेऊन. रांग रात्री दहापर्यंत. मला आठवतात ते अण्णा त्या रांगेत कंदील घेऊन फिरणारे, कुणाची पिशवी फाटलीय का बघणारे. त्या दिवसांत सांडलेलं मूठभर पीठही लोक हातानं गोळा करायचे. अण्णांना सांडलेल्या पिठाबद्दल जी शिस्त होती ती तिथूनची असणार, असं हे वाचून वाटलं.

कृष्णाकाठ :

पुराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, थोडं लांबेल.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या सांगलीत पावसाळ्यात एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" १९२९ सालचा आयर्विन पूल, त्यापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. आणि दुसरा प्रश्न, "कोयनेतनं किती सोडलंय?" पाणी दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या बाजूला आधी शिरतं, मग गावात.

२००५ ला ५३ फुटांच्या वर गेलं. गिरणी बुडाली. मोटर जळाली, बेअरिंगमध्ये गाळ, पट्टा कुजला, दोन महिने बंद. पाणी उतरल्यावर अण्णांनी पहिलं काय केलं असेल, तर भिंतीवर गाळाची जी रेघ उमटली होती तिच्यावर तेलरंगानं लाल पट्टा ओढला आणि खाली वर्ष लिहिलं. मग गवंडी बोलावून त्या पट्ट्याच्या एक हात वर लोखंडी घोडा बसवला. छताच्या तुळईला चेन कुप्पी. पाणी यायला लागलं की मोटर खोलायची, कुप्पीनं वर ओढायची आणि घोड्यावर ठेवायची. दर जूनमध्ये ते आणि मामा एकदा रंगीत तालीम करायचे. आम्ही समोरून बघायचो. पाऊण तासात मोटर वर.

ऑगस्ट २०१९. अण्णांनी वेळेत मोटर चढवली. पण त्याआधी त्यांनी गिऱ्हाइकांचे डबे वर नेले. गिरणीत दळायला पडलेले वीस-बावीस डबे होते, ते सगळे जिन्यानं वर, तुमच्या स्वयंपाकघरात. माझ्या भावानं आणि मी हात लावला, म्हणून आकडा माहीत आहे. मोटर मग. आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ पेक्षा साडेतीन-चार फूट जास्त. लाल पट्टा बुडाला, घोडा बुडाला, घोड्यावरची मोटर बुडाली.

आम्हाला बोटीनं काढलं तेव्हा अण्णा आणि काकू वरच्या मजल्यावर होते. यायला तयार नव्हते. काकू आल्या शेवटी, आणि त्या आल्या म्हणून ते आले. बोटीत बसल्यावर ते गिरणीच्या दाराकडं बघत होते, दाराची वरची फळी तेवढी दिसत होती. मला म्हणाले, "एक हात धरला मी. चार हात धरायला पाहिजे होते."

त्या वीस-बावीस डब्यांतलं धान्य कोरडं राहिलं. पाणी उतरल्यावर पंधरवड्यानं आमचा डबा घरपोच आला, तांदूळ-उडीद होते त्यात, घावनाला. आमच्या घरात तेव्हा दुसरं काही खाण्यालायक उरलेलं नव्हतं.

२०२१ ला पुन्हा ५० च्या वर गेलं. त्या वेळी अण्णांनी तालीम केली नाही. आयर्विनला ३५ झाले तेव्हाच छोटा हत्ती बोलावून मोटर विश्रामबागला एका पाहुण्यांच्या गच्चीवर नेऊन ठेवली. लोक म्हणाले घाई करताय. ते काही बोलले नाहीत.

गावभागची_लेक :

कृष्णाकाठ, त्या लाल पट्ट्याच्या वर २०१९ चा दुसरा पट्टा आहे, निळा. तो अण्णांनी ओढला नाही, आईनं ओढला. अण्णांनी तेव्हा आठ-दहा दिवस गिरणीत पाऊलच ठेवलं नव्हतं. आईनं मामांना स्टूल धरायला लावलं, ब्रश घेतला आणि रेघ मारली. मग वर येऊन म्हणाली, "तुमचं काम केलंय मी, आता पुढचं तुम्ही बघा." दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले.

पेवातली_हळद :

मी हरिपूरची. संगमेश्वराच्या देवळाच्या बाजूची. अण्णा दर वर्षी आमच्याकडं हळद बघायला यायचे, व्यापारासाठी नाही, घरच्यासाठी आणि गिरणीवर सांगून ठेवलेल्या चार बायकांसाठी.

नवीन पोरांना माहीत नसेल, आमच्याकडं हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. इथली माती अशी की खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही, ओल येत नाही, आणि वरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवाच राहत नाही, मग कीड कुठून लागणार. वर्षानुवर्षं हळकुंडं जशीच्या तशी. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, तासन्‌तास मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. २००५ च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं आणि ते सगळं मोडलं. पुढं २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर पेवांचं वैभव गेलेलं होतं.

अण्णा हळकुंड मोडून बघायचे. कडकन आवाज आला पाहिजे आणि आत नारंगी चकाकलं पाहिजे. हळद दळायची तर सीझनला एकदाच, दोन दिवस राखून ठेवलेले. कारण हळदीनंतर दगड धुऊन निघेपर्यंत दुसरं काही दळता येत नाही, पोळ्या पिवळ्या. चार-पाच पायल्या भरड घालून काढायचे, मग जनावराचं, मग माणसाचं.

एक वर्ष माझ्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी अण्णा स्वतः सायकलवरून पुडी घेऊन आले. म्हणाले, "ही पहिल्या धारेची, वस्त्रगाळ. नवरीला लावायला. दगडाचा कण लागायचा नाही अंगाला." माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. लग्नात त्या पुडीकडं बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

तासगावचा_चक्कीवाला :

ताई, टाकीबद्दल विचारलंय म्हणून. आमची तिसरी पिढी या धंद्यात, अण्णांना मी तीन-चार वेळा भेटलोय, दगड बघायला मिरजेला आम्ही एकत्र गेलो होतो.

दगडाच्या तोंडावर मधून कडेकडं चऱ्या असतात. दाणा मधे पडतो, चऱ्यांतून फुटत फुटत कडेला येतो आणि पीठ होऊन बाहेर पडतो. दळून दळून चऱ्या बोथट होतात. मग दगड दाणा कापत नाही, चिरडतो. पीठ तापतं, कधी करपल्यासारखा वास येतो, पोळी वातड होते. लोक गव्हाला दोष देतात. अशा वेळी वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं चऱ्या पुन्हा खोलवायच्या, तीच टाकी. पूर्वी जात्याला, पाट्याला टाकी लावणारे टकारी दारोदार यायचे, त्यांच्याकडूनच आमच्या आज्यानं शिकून घेतलं. अण्णांच्या वडिलांचंही तसंच असणार.

अण्णांच्या हाताची एक खूण होती. कडेच्या दोन बोटं पट्टीत ते टाकी फार उथळ मारायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आत फोडायचं, कडेला पुसायचं." तेव्हापासून मी तसंच करतो. शाळू मऊ येतो त्यानं.

आता कामाचं. दगड वर्षभर बंद आहेत तर आधी ओल आहे का बघा, उघडून पंखा लावून ठेवा. बेअरिंगचं जुनं ग्रीस पूर्ण काढा. पट्टा कडक झाला असेल, बदलाच. मी रविवारी येऊ शकतो. मामांना शेजारी बसवा, मी अर्धा दगड मारीन, अर्धा त्यांच्याकडून मारून घेईन. माझे पैसे नकोत. जेवायला थांबेन.

सरकारी_घाट :

चक्कीवाले दादा, रविवारी मी पण येतो. वरचा दगड उतरवायला माणूस लागेल.

रंगभूमी_दिन :

सगळे गिरणीतले अण्णा सांगतायत, मी भावे नाट्यमंदिरातले सांगते. मी तिथं तिकीट खिडकीवर बसायचे. अण्णा आणि काकू दोघं यायचे, महिन्या-दोन महिन्यांतून. मागच्या रांगेतली कडेची दोन तिकिटं. इस्त्रीचा पांढरा सदरा, काकूंच्या अंबाड्यात अबोली. पडदा उघडला की ते खुर्चीच्या टोकावर सरकून बसायचे. मध्यंतरात काकूंसाठी भडंगाची पुडी घेऊन यायचे आणि स्वतः एक दाणा खायचे नाहीत, प्रयोग संपेपर्यंत.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. त्या दिवसाच्या कार्यक्रमाला यायची अण्णांची फार इच्छा. पण दिवाळी जवळ असली की चकलीच्या भाजणीची रांग. मला सांगायचे, "यंदा दिवाळी आधी झाली तर येतो." कॅलेंडर हातात आलं की ते आधी हेच बघायचे, असं काकू सांगायच्या.

गावभागची_लेक :

हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

आता मला जे लिहायला जड जातंय ते लिहिते. गेल्या दिवाळीच्या आधी अण्णांच्या छातीत दुखत होतं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे. मी फोनवर म्हटलं, दवाखान्यात जाऊ. "भाजणीची गडबड होऊ दे, मग दाखवू." दिवाळी झाली. "तुळशीचं लग्न होऊ दे." मी पुण्याहून निघून यायला हवं होतं आणि त्यांना हाताला धरून न्यायला हवं होतं. मी आले नाही, माझ्याही मुलांच्या शाळा होत्या. ज्यांच्या घरात असं "होऊ दे मग" म्हणणारं माणूस आहे त्यांनी कृपा करून ऐकून घेऊ नका.

रविवारचं काम झालं. चक्कीवाले दादा तासगावहून बेदाणे घेऊन आले. सरकारी_घाट आणि कृष्णाकाठ दोघांनी दगड उतरवला. दगड उलटा केल्यावर कडेच्या दोन बोटं पट्टीत अण्णांची टाकी दिसत होती, अगदी उथळ, केसाएवढी. दादा म्हणाले, "हे नीट बघून घ्या, मग मारू." मामांनी चष्मा काढून, वाकून, बोट फिरवून बघितलं. मग छिन्नी हातात घेतली. पहिली दहा मिनिटं मामांचा हात थरथरत होता, नंतर बसला.

आई वरून खाली आली ती जेवायला बोलवायला. दादांनी सहज विचारलं, "काकू, चाचणीचं पीठ बघणार कोण? मामांना टाकी जमेल, पण चाक किती सोडायचं ते अंगठ्याला कळावं लागतं." आई म्हणाली, "दिवाळीत रात्री अकरानंतर ह्यांचे डोळे मिटायचे. तेव्हा चाकावर कोण बसायचं असं वाटतंय तुम्हाला?"

मी या घरात जन्मले आणि हे मला माहीत नव्हतं. भाजणीच्या रात्री आम्ही पोरं वर झोपलेलो असायचो आणि हंड्यातलं पाणी हलत असायचं, एवढंच.

मामांनी मान डोलावली. त्यांना माहीत होतं. आईनं डब्यातला जुना गहू, शाळू आणि बाजरी मिक्सरला लावून तीन वाट्या माझ्यापुढं ठेवल्या आहेत. रोज रात्री धागा वाचून झाला की माझे डोळे मिटवून चिमटी ठेवते. कालपर्यंत गहू कळायला लागलाय. शाळू आणि बाजरीत अजून चुकते.

डॉक्टरांनी ऑपरेशनला महिना होईपर्यंत पिठाच्या धुळीत बसू नका म्हणून बजावलंय. तो महिना पुढच्या शनिवारी पुरा होतो. मी म्हटलं, आणखी पंधरा दिवस थांबू, डोळ्याला जप. तर म्हणाली, "डोळ्याचं काय काम त्यात?"

शाळू_भाकरी :

म्हणजे सोमवारी सुरू? मी दोन किलो शाळू निवडून ठेवते.

गावभागची_लेक :

सोमवारी नको आणू काकू. टाकीनंतरच्या पहिल्या पायल्या कोंबड्यांच्या, पीठ कचकचतं. बुधवारी आणा. सहाला उपवासाचं दळण आहे, साबुदाणा आणि वरई, ते झालं की पहिला नंबर तुमचा. मामांनी पाटीवर लिहूनही ठेवलंय. आणि आईनं सांगितलंय, येताना झाकण घरीच ठेवून या.